उडदाच्या डाळीची जमीन

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसायचा नाही. नका ठेवू. माझं त्यावाचून काही अडलेलं नाही. पण लखनौच्या सरोजिनी नगरात एका घराची जमीन मुंग्यांनी पोखरून, कणाकणाने उचलून, रांगेने उंबऱ्याबाहेर नेलेली मी या दोन डोळ्यांनी पाहिली आहे. आणि घर कोणा परक्याचं नव्हे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, द्रौपदीचं.

परवा तिच्याच गच्चीवर थंडीच्या उन्हाला पाठ देऊन आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी हा विषय काढला. निमित्त झालं तिच्या जावयाचं. नरेंद्रने राजाजीपुरममध्ये घर बांधायला घेतलं आहे आणि तो आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या बेबीला, समजावत होता की बाकी सगळं पक्कं करू, पण रंगात आणि फरशीत थोडं हात आखडून घेऊ.

मी हातातली शेंग खाली ठेवली. म्हटलं, "जावईबापू, वाचवायचं असेल तर कपड्यात वाचवा, सिनेमात वाचवा. रंगात आणि जमिनीत वाचवणाऱ्याचं काय होतं, ते तुमच्या सासऱ्यांनी अख्ख्या लखनौला दाखवून दिलंय."

सासरे, म्हणजे द्रौपदीचा नवरा भाऊराव गजभिये, घरात नव्हते. भाजी आणायला गेले होते. मंडी उठता उठता भाजीवाले उरलंसुरलं फेकायच्या भावात देतात, म्हणून हा माणूस नेहमी उशिरा जातो आणि अर्धी सडलेली वांगी घेऊन येतो. सडका भाग कापून टाकला की उरलेलं वांगं ताजंच, असं त्यांचं शास्त्र. त्या घरी वांग्याची भाजी असली की मला हटकून पोटदुखी होते. जेवायला बसायच्या आधीच होते.

"मामाजी, पापा की बुराई मत कीजिए," नरेंद्र हसत म्हणाला. घराणं नागपूरकडचंच, पण पोरगा लखनौत वाढलेला. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

"बुराई कुठे? इतिहास सांगतोय."

"सांगू दे रे त्यांना," बेबी म्हणाली. "मलाही नीट ठाऊक नाही. मी तेव्हा नागपूरला हेमाआत्याकडे शिकायला होते."

द्रौपदी पलीकडे मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. ती काही बोलली नाही. म्हटलं, मूक संमती आहे. सुरू केलं.

एकोणऐंशी सालची गोष्ट. भाऊराव तेव्हा अमौसीच्या विमानतळावर वायरलेसच्या कामाला होते. कामात माणूस हुशार, बंद पडलेलं यंत्र नुसतं हुंगून सांगायचे कुठे जळलंय. पण घरी आले की त्यांचं नाक बंद व्हायचं. न्हाणीघरात साबणाच्या चिपा दाबून दाबून केलेला एक लाडू असायचा. वरून पिवळट, मधून हिरवट, आणि घरातल्या सगळ्यांचे केस त्यात शेवयांसारखे अडकलेले. तो पाहुण्यालाही द्यायचे. मी आलमबागहून त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो की आंघोळीला सुट्टी देत असे. चहाचा चोथा वाळत घालून पुन्हा उकळायचे. त्या चहाला वास यायचा तो भिजलेल्या चटईचा.

तर अशा माणसाला घर बांधायची पाळी आली. सरकारी क्वार्टर्स पाडून नवी बांधायची होती, सगळ्यांना जागा खाली करायला सांगितलेलं. भाऊरावांनी सरोजिनी नगरात प्लॉट घेतलाच होता. भिंती उभ्या केल्या, छत टाकलं, आणि तिथे सिमेंट संपलं. राहिला रंग आणि राहिली जमीन.

आणि द्रौपदीचं मागणं होतं नेमकं जमिनीचं.

हे जरा नीट ऐका. आमच्या गावी, भंडाऱ्याकडे, आई पाटलाचं खळं सारवायला जायची. द्रौपदी एवढीशी, तिलाही बरोबर न्यायची. कोपरापर्यंत शेणात हात. कितीही घासले तरी जेवताना वास यायचा, म्हणून पोरगी डाव्या हाताने नाक धरून जेवायची. पुढे आम्ही धम्म घेतला आणि आईने ते काम सोडलं ते सोडलंच. पण पोरीच्या नाकातून वास गेला नाही. तिचं तेव्हापासून ठरलेलं. आपलं घर होईल तेव्हा त्याची जमीन लाल सिमेंटची असेल, घोटून घोटून गुळगुळीत केलेली, ओल्या फडक्याने पुसली की तोंड दिसेल अशी. साड्या मागितल्या नाहीत, डागिना मागितला नाही. नवऱ्याला म्हणाली, "दारं मागून लावा, भिंती तशाच ठेवा. जमीन तेवढी लाल पाहिजे. त्याशिवाय मी तिथे राहायला येणार नाही."

भाऊराव "हो" म्हणाले. "हो" म्हणायला खर्च येत नाही.

त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. अर्ज करा, चकरा मारा, साहेबाच्या दारात उभे राहा. नाहीतर काळ्या बाजारात जा आणि मागतील तेवढे मोजा. काळ्या बाजाराचं नाव काढलं की भाऊरावांना दम लागायचा. खुर्चीत बसून पाणी प्यायचे.

अशातच गावाकडचे पाहुणे आले आणि आम्ही त्यांना इमामबाडा दाखवायला नेलं. तिथला गाइड सगळ्यांना सांगतो तेच त्याने सांगितलं. "हुज़ूर, न लोहा, न सीमेंट. चूना, सुर्ख़ी, उड़द की दाल, गुड़ और बेल का गूदा. दो सौ बरस से खड़ा है." पाहुण्यांनी माना वर करून छत पाहिलं. भाऊरावांनी मान खाली घातली आणि जमीन पाहिली. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी फक्त मांजराच्या डोळ्यांत पाहिली आहे, दुधाचं झाकण सरकतं तेव्हा.

"दादा, ऐकलंत? उडदाची डाळ!"

"भाऊराव, ती नवाबी कामं. वर्षानुवर्षं कुटत बसायचे लोक."

"दोनशे वर्षं दादा, दोनशे! सिमेंटवाला पन्नासाची गॅरंटी देत नाही. आणि हे सगळं काय, किराणा दुकानात मिळतं."

किराणा दुकानात मिळतं हे खरं. पण भाऊराव किराणा दुकानात पुढच्या दाराने जात नाहीत. चारबागला एका बनियाच्या गोदामात छत गळून डाळीची पोती भिजली होती. त्या डाळीला हिरवी लव आली होती, मखमलीसारखी, आणि पोत्याला हात लावला की आत काहीतरी सरकायचं. बनिया म्हणाला, "बाबूजी, भैंस के लिए ले जा रहे हैं न?"

"हां हां, भैंस के लिए."

"भैंस से आपकी कोई दुश्मनी है क्या?"

ती डाळ घेतली. गुळाऐवजी राब घेतली, उसाची काळी पातळ राब, पिंपाच्या तळची. ओतताना तिच्यातून आधी गांधीलमाश्या पडल्या, मग एक उंदीर पडला. शेपटी ताठ, सगळं अंग पाकात घोळलेलं, चिरोट्यासारखं. भाऊरावांनी तो चिमटीत धरून पिंपावर निथळून घेतला. निथळून! अंगावरची राब वाया जाऊ नये म्हणून. मी तिथेच भिंतीला धरून ओकलो.

"छी, मामा!" बेबीने शेंगांचं ताट दूर सारलं.

"ये तो आप पक्का फेंक रहे हैं," नरेंद्र म्हणाला.

"फेकतोय? बरं. मग बेलफळांचं ऐक."

उन्हाळा होता, बेलाचे ढीग लागलेले. सरबतवाले फुटकी फळं नाल्याकाठी टाकतात, ती भाऊरावांनी गोळा केली. घरामागे खड्डा केला आणि त्यात चुना, डाळ, राब, बेलाचा गर, विटांचा भुगा सगळं भिजत घातलं. वर ताडपत्री. लखनौची लू, ती उन्हाळ्यातली भाजणारी झळ, तुम्हाला ठाऊक आहे. दोन-तीन दिवसांत ती ताडपत्री फुगून तंबूसारखी उभी राहिली. खड्डा रात्रंदिवस बुडबुडत असायचा, मध्येच एक ढेकर देई, आणि तो ढेकर वाऱ्यावर बसून अमौसीपर्यंत जाई. वास कसा? आंबलेलं पिठलं, त्यात ओला कुत्रा, वरून अत्तर. शेजारचे मिश्राजी भले माणूस, आठवडाभर नाकात कापूर घालून हिंडले. शेवटी भिंतीवरून डोकावून म्हणाले, "गजभियेजी, कोई गुज़र गया है तो बता दीजिए, हम कंधा देने आ जाएंगे."

आता हा चिखल तुडवायचा कोणी? मजूर लावला तर मजुरी. पण भाऊरावांना मजूर लावायची गरज पडली नाही. इथेच मला त्यांची खरी शिसारी आली, उंदरापेक्षाही.

आपल्या लोकांत श्रमदान म्हणजे काय, हे नरेंद्र, तुला सांगायला नको. विहाराची भिंत बांधायची असते, अंगण करायचं असतं. माणसं सुट्टीच्या दिवशी घरून भाकर बांधून येतात, साहेब असो की चपराशी, घमेलं उचलतात आणि त्याबद्दल चहाची अपेक्षा ठेवत नाहीत. भाऊराव रविवारच्या वंदनेनंतर उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी श्रमदान आहे. सर्वांनी यावं." कुठे, ते बोललेच नाहीत. पुढच्या रविवारी माणसं विहाराशी जमली, फावडी-घमेली घेऊन, आणि हा गृहस्थ त्यांची वरात काढून आपल्या प्लॉटवर घेऊन आला. आल्यापावली परत कोण जाणार? भिडस्त माणसं. पायजमे गुडघ्यावर खोचून खड्ड्यात उतरली.

दत्तू रामटेके पोस्टात होता. खड्ड्यात उभा राहून म्हणाला, "भाऊराव, हे काय आहे हो?"

"नवाबी मसाला."

"पायाला गुदगुल्या करतोय."

"जिवंत मसाला आहे. म्हणून तर टिकतो."

दत्तू बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर एक केस उरला नव्हता. सगळे मसाल्यात राहिले. भाऊराव खूश. म्हणाले, "बरं झालं, पकड वाढेल."

तो राडा घरभर पसरला, फळीने चोपला, वर विटांचा भुगा भुरभुरला. लाल दिसावी म्हणून. द्रौपदीला बोलावून दाखवली. ती उंबऱ्यावर उभी राहिली, पदर नाकाला लावून. "हे काय?" म्हणाली. "लाल जमीन," भाऊराव म्हणाले. "वाळली की चमकेल."

"आणि वास?"

"नवीन आहे. नव्या कपड्याला येत नाही का?"

मग रंग. रंग निळा पाहिजे, आपला रंग, यावर भाऊराव ठाम. निळ्याबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या घरात पण एक भिंत निळी आहे. पण त्याला डिस्टेंपर लागतो. यांनी चुन्यात धोब्याची नीळ कालवली. नुसती नीळ भिंतीवर धरत नाही, म्हणून सरस हवा. सरस म्हणजे जनावरांची हाडं नि कातडी उकळून करतात तो. चांगला वड्यांचा मिळतो दुकानात. यांनी कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीबाहेरून कातड्याच्या तुकड्यांची छाट आणली आणि घरी उकळली. कशात उकळली? द्रौपदीच्या दुधाच्या पातेल्यात. तुकड्यांवर केस तसेच होते. पातेलं रटरटायला लागलं तशी गल्लीतली कुत्री दाराशी येऊन बसली, आणि झाकण उघडल्यावर उठून निघून गेली. कुत्री! लखनौच्या गटारात तोंड घालणारी!

मग भाऊराव पातेलं राखेने घासून मांडणीवर ठेवायला लागले. द्रौपदी म्हणाली, "यात आता घरातलं काही शिजणार नाही."

"पौर्णिमेला खीर करायचीय की."

"शेजारून पातेलं आणेन. नाहीतर खीर होणार नाही."

ती अशीच आहे. दोन वाक्यं बोलते.

वैशाखी पौर्णिमेला गृहप्रवेश ठेवला होता. भन्ते यायचे होते, आणि विहाराच्या मंडळातली सगळी मराठी कुटुंबं. आता विचार करा. वंदनेला आपण काय घालतो? पांढरं. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढरे सदरे-पायजमे, पोरं कडक इस्त्रीत. चाळीसेक माणसं, बाहेर लू, आत पंखा एक. भन्तेंना चौरंग दिला होता म्हणून ते वाचले. बाकी सगळे जमिनीवर बसले आणि उकाड्याने घामेजून भिंतींना टेकले.

उन्हाने राब सुटली होती. बसल्या बसल्या माणसं दोन बोटं खाली गेली, पण वंदना सुरू झालेली, कोण बोलणार? परित्राण पाठ झाला. आशीर्वाद झाले. भन्ते उठले. आणि खोलीतलं कुणीच उठेना. भन्तेंना वाटलं, केवढी ही श्रद्धा. हात जोडून पुन्हा बसले, पुन्हा पाठ म्हटला. पुन्हा उठले. तरी कुणी हलेना. मग मागून दत्तूच्या बायकोचा, यमुनाचा, बारीक आवाज आला, "अहो, मला धरा. मी चिकटले आहे."

मग जी उठाउठ झाली! चर्र, फर्र, चट्. कुणाच्या पायजम्याची बैठक जमिनीत राहिली, कुणाचा निऱ्यांचा घोळ. बायका भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, तर पाठ आणखी निळी. पुढे सराव्यात तर मागे तपकिरी गोल डाग. कुठे तोंड करून उभं राहावं हेच कळेना. दत्तूने डोकं टेकवलं होतं, त्याचं टक्कल निळं, कपाळ पांढरं; त्याला पोस्टात पुढचे कितीतरी दिवस टोपी घालून बसावं लागलं. आणि सगळ्यांच्या अंगाला तो वास. खीर चांगली झाली होती, पण कोणी खाल्ली नाही. हातात वाटी धरून सगळे अंगणात उभे, आणि चमचा तोंडाशी नेला की स्वतःच्याच हाताचा वास यायचा.

एवढं झाल्यावर दुसऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नसता. भाऊराव म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या, बसेल."

पावसाळ्याची वाट मुंग्यांनी पाहिली नाही. डाळ आणि राब म्हणजे त्यांची पंगतच की. आधी काळ्या आल्या, मग लाल, मग दोघींची जुंपली. कानपूर रोडच्या बाजूने मनगटाएवढी जाड रांग यायची, ट्रकवाले ब्रेक मारायचे, त्यांना वाटायचं दोर पडलाय. रोज सकाळी उठावं तर जमीन थोडी खाली गेलेली. मधल्या खोलीत खाट ठेवली होती, तिचे पाय एका बाजूला खचले. भाऊराव झोपायचे उशाकडे आणि उठायचे पायथ्याकडे. पंधरवड्यात मुंग्यांनी जमिनीचा एक कोपराच नेला. मिश्राजींच्या अंगणात वारूळ उठलं, त्याला खिडक्या होत्या.

"मामाजी! खिड़कियाँ?" नरेंद्र गुडघ्यावर थापा मारत हसत होता.

"विचार सासूला."

द्रौपदीने मान वर केली नाही. "मुंग्या होत्या," म्हणाली. "खूप होत्या."

बघा. साक्षीदार आहे माझ्याकडे.

पण हसू नका, आता पुढचं हसायचं नाही. ती बाई हे सगळं सहन करत होती. चालताना पाय चट्‌चट् वाजायचे, रांधताना माश्या घोंघावायच्या, रात्री अंगाखाली काहीतरी हलायचं, तरी ती गप्प होती. एक दिवस मी गेलो तेव्हा भाऊराव बाहेरून आले. हातात बादली. बादलीत शेण.

"द्रौपदा," म्हणाले, "इलाज सापडला. आपल्याकडे काय करत होते? एक हात सारवून घे. चिकटपणा जातो, मुंग्या येत नाहीत, वासही दबतो. आणि शेण फुकट आहे. गवळी म्हणाला, पाहिजे तेवढं न्या."

बादली त्यांनी तिच्या पायाशी ठेवली. मी द्रौपदीच्या तोंडाकडे पाहत होतो. ती चिडली नाही. ओरडली नाही. तिने बादलीला हातही लावला नव्हता, तरी नळाशी गेली आणि हात धुवायला लागली. कोपरापर्यंत. धूत राहिली, धूत राहिली. मग पदराला पुसत आली.

"आईने पाटलाचं खळं सोडलं, तेव्हा बादली विहिरीवर ठेवली आणि मागे वळून पाहिलं नाही," ती म्हणाली. "ती मी इथे लखनौला येऊन उचलू?"

"अगं, घरचंच काम आहे. कोणा पाटलाचं थोडंच—"

"या घरात लाल जमीन होईल त्या दिवशी मला बोलवा. तोपर्यंत मी दादाकडे आहे."

ट्रंक उचलली. कानपूर रोडपर्यंत चालत आली, टेम्पोत बसली. मी मागून. भाऊराव दारात उभे होते, पाय जमिनीला चिकटलेले, आणि सांगतो, मला त्या माणसाकडे बघवत नव्हतं. माणूस काटकसरी असावा, चिक्कू असावा, समजू शकतो. पण बायकोच्या नाकाशी तिच्या लहानपणीचा वास नेऊन धरायचा, फुकट मिळतो म्हणून? थू!

गच्चीवर कोणी हसत नव्हतं. बेबीने आईकडे पाहिलं. आई मटार सोलत होती.

"फिर?" नरेंद्रने विचारलं. "फिर क्या हुआ, मामाजी?"

"फिर काय होणार? मी होतो ना."

शेंगांची टरफलं मी झटकली आणि सरळ बसलो.

"बहीण माझ्या आलमबागच्या घरी येऊन राहिली. तिचं तोंड पाहून मला घास गिळवेना. पुरवठ्याच्या कचेरीत माझ्या ओळखीचा एकजण होता. त्याच्याकडे रोज जाऊन बसलो. शेवटी गजभिये यांच्या घरासाठी म्हणून परमिट काढलं. पोती ठेल्यावर चढवली आणि भर उन्हात ठेल्यामागे चालत इथवर आणली. तो सडका थर नाकाला फडकं बांधून कुदळीने उपसला. भाऊराव एका कोपऱ्यात बसले होते, मान खाली घालून. म्हटलं, बसा तिथेच, तुमचा हात नको लागायला. आणि घातली जमीन. लाल! घोटून घोटून अशी केली की द्रौपदी परत आली ती उंबऱ्यातच थबकली, तिला वाटलं आत पाणी साचलंय. खाली जाऊन बघ, आजही भांग पाडता येतो तिच्यात बघून."

"हाँ, फ़र्श तो वाक़ई लाजवाब है," नरेंद्र हळूच म्हणाला. "तो ये आपने करवाया? पापा ने कभी बताया नहीं."

"ते कशाला सांगतील? मीही कधी बोललो नाही. भावाने बहिणीला दिलेलं बोलून दाखवायचं नसतं."

बेबीचे डोळे भरून आले. तिने सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली. "मामा, तुम्ही नुसत्या थापा मारता असं वाटायचं आम्हाला," ती म्हणाली. नरेंद्रने तर वाकून माझ्या पायांना हात लावला. मी म्हटलं, असू दे, असू दे.

"दादा, खोटं बोलतोयस."

द्रौपदीने परात बाजूला ठेवली होती.

"अगं, काय खोटं—"

"ह्यांना चिक्कू म्हण, घाणेरडे म्हण, मी मान डोलवेन. शेणाची बादली आणली होती, तेही खरं. पण परमिट या घराच्या नावाचं होतं आणि पोती उतरली आलमबागला. मी तुझ्याच घरी होते ना? खाली मी तुम्हा सगळ्यांच्या पोळ्या लाटत होते आणि वर तुझी गच्ची घालणं चाललं होतं. सिमेंटचं पाणी माझ्या कणकेत ठिबकत होतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, उरेल ते तुझंच. काही उरलं नाही."

"द्रौपदी, पाहुण्यांसमोर—"

"जावई आहे तो, पाहुणा नाही. ऐकू दे. नरेंद्र, सिमेंट तुझ्या सासऱ्यांनी आणलं. काळ्या बाजारातून. जन्मात भाव केल्याशिवाय कोथिंबीर न घेणारा माणूस, मागतील तेवढे मोजून आला आणि मला एक शब्द बोलला नाही. उपसलं त्यांनी, घातलं त्यांनी. ड्यूटीवरून यायचे आणि गुडघ्यांवर बसून दगडाने घोटायचे. बोलवायला आले तेव्हा गुडघे सोललेले होते." ती उठून उभी राहिली आणि जिन्याकडे हात केला. "ऊठ दादा. चल खाली. त्या जमिनीत तुझं मूठभर तरी सिमेंट कुठे आहे, ते मला बोट ठेवून दाखव."